मंजुळाबाई कुठं होती

पाचोरा,
२१ नोव्हेंबर १९८८

चुडामण,

जय भीम. तुला रामराम लागतो, तर तो घे. हेडमास्तर झालास म्हणून अभिनंदनही घे. आता कामाचं बोलतो.

आपल्या गावाला आदर्श गावाची ढाल मिळाली म्हणे. पेपरात फोटो आलाय. मधे तुझे थोरले भाऊ रुपचंद, सरपंच, ढाल छातीशी कवटाळून. शेजारी तू, गळ्यात झेंडूचा हार. खाली तुझं भाषण छापलंय: ‘आमच्या गावात सर्व समाज गुण्यागोविंदाने नांदतो. माझ्या आठवणीत इथे कधी साधी बाचाबाचीही झाली नाही.’

पार्सल ऑफिसात बसून हे वाचलं आणि मी एकटाच खो खो हसलो. हमाल हातातल्या केळीच्या पाट्या ठेवून बघायला लागले, साहेबाला काय झालं म्हणून. सर्व समाज? अरे बाबा, आमची चाळीस घरं होती तिथं, आज एक चूल पेटत नाही. गुण्यागोविंदानं नांदतंय कोण, बाभळी?

पण हसू घरापर्यंत टिकलं नाही. द्रौपदानं, माझ्या बायकोनं, तो पेपर आईला वाचून दाखवला. आई, म्हणजे तुझी मंजुळामावशी, ऐकून मग मला म्हणते, "अभिमन, चुडामण खोटं बोलाऊ पोऱ्या नही शे. मंग मी गोठामा कसाले बठेल व्हतू?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं असतं तर मी टाळी दिली असती. तिनं खरंच विचारलं रे. तेव्हापासून रोज काहीतरी नवीन काढते. स्वप्न पडलं असेल का? मला ताप होता का तेव्हा? गावातला मास्तर, तोही तू, छापून म्हणतोस काही झालं नाही. मग चुकत असेल तर तीच चुकत असणार.

तू विसरलास म्हणून थोडक्यात आठवण देतो. एकोणऐंशी सालची चैत्राची यात्रा. बारागाड्या. बारा बैलगाड्या एकामागं एक बांधल्या, वर माणसं खच्चून भरली, आणि भगत त्या ओढायला पुढं झाला. त्याच्यापुढं डफडं वाजवायचं काम पिढ्यानपिढ्या आमचं. त्या साली माझे वडील म्हणाले, आम्ही बौद्ध आहोत, आता वाजवणार नाही. गाड्या निघाल्या, आमच्या वस्तीपाशी थांबल्या आणि वरची माणसं खाली उतरली. दिवेलागणीच्या आत सगळी वस्ती पेटली होती. वडील गेले. शेजारची भागाबाई गेली, तिची तान्ही लेक गेली. अजून चार जण. जे वाचले ते कोणी सुरतेला, कोणी भुसावळला पांगले.

आई तुमच्या खळ्यावर ज्वारी पाखडायला आली होती. तू तिला दंडाला धरून गोठ्यात नेलंस, बैलांच्या गव्हाणीमागं बसवलंस, अंगावर चारा टाकलास आणि दारात उभा राहिलास. म्हणून मला आज आई आहे.

मागणं एवढंच, एक पोस्टकार्ड टाक. ‘मावशी, तुम्ही गोठ्यात होतात, मीच बसवलं होतं.’ बस. केस कधीच संपली, सगळे सुटले, साक्षीला गावातलं कुत्रंही आलं नाही, त्यामुळे घाबरू नकोस. हे फक्त तिच्यासाठी. तिच्या हृदयानं आता मान टाकलीय, डॉक्टर आशा देत नाहीत. स्वतःवरचा भरवसा घालवून तिनं जाऊ नये, एवढंच मला हवंय.

लोक वाईट केलेलं नाकारतात. मी तुला चांगलं केलेलं कबूल कर म्हणतोय. इतकं सोपं काम जगात कोणी कोणाला सांगितलं नसेल.

तुझा बाकावरचा सोबती,
अभिमन


पाचोरा,
९ डिसेंबर १९८८

चुडामण,

पत्र मिळालं. कपाळावर हात मारून घेतला. तुझं अक्षर अजून मोत्यासारखं आहे, त्यामुळे खोटंसुद्धा सुवाच्य.

म्हणतोस, ‘जुनी मढी उकरून कोणाचं भलं होणार? स्टोव्हचा भडका झाला, वारा होता, घरं लागून होती. दुर्दैवी अपघात.’

स्टोव्ह! आमच्या वस्तीत! तुझ्या घरी तरी होता का रे तेव्हा स्टोव्ह? आमच्या बायका तुमच्याच बांधावरच्या तुराट्या मोळीनं आणायच्या आणि त्याबद्दल तुमच्या शिव्या खायच्या. आणि हा कसला स्टोव्ह, जो घराला बाहेरून कडी लावतो?

पुढं विचारतोस, ‘तू स्वतः तिथे होतास का?’ नव्हतो. भुसावळला रेल्वेच्या ट्रेनिंगला होतो, तुला ठाऊक आहे. जे तिथं होते ते मेले, त्यांना विचारता येत नाही. जी वाचली ती तुझ्या मते म्हातारी, तिला नीट आठवत नाही. मला आठवतंय, तर मी तिथं नव्हतो. वा! बंदोबस्त झकास आहे. मेलेले सोडून दुसरा साक्षीदार तुमच्या गावाला पसंतच पडत नाही.

आणि शेवटी, ‘मी त्या दिवशी परीक्षेसाठी धुळ्यास होतो.’ असं? मग आईच्या अंगावर चारा कोणी टाकला, बैलानं?

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. तिनं विचारलं, चुडामणचं कार्ड आलं का? मी म्हटलं, टपाल तुंबलंय. तुझ्यापायी मलाही खोटं बोलावं लागतंय, आणि तुझ्याइतका सराव नसल्यानं ते लगेच पकडलं जातं.

गोल गोल लिहू नकोस. एक ओळ लिही.

अभिमन


पाचोरा,
३ जानेवारी १९८९

हेडमास्तर साहेब,

एकापाठोपाठ दोन पत्रं! हौसच आहे.

पहिल्यात लिहितोस, बाहेरची माणसं आली होती, ट्रक भरून, गावाचा संबंध नाही. दुसऱ्यात लिहितोस, लोक म्हणतात की वस्तीतल्यांनीच सरकारी मदतीसाठी घरं पेटवली. ‘मी म्हणत नाही, लोक म्हणतात.’ आता आधीच्या पत्रातला स्टोव्ह धर. म्हणजे स्टोव्ह भडकला, तो ट्रकमधून आला होता, आणि तो माझ्या वडिलांनीच पेटवला, स्वतः आत बसून, दाराला बाहेरून कडी घालून. पोरांना गणित शिकवतोस ना? हे जुळवून दाखव.

चोराची एकच गोष्ट असते, चुडामण. तीच घासून घासून सांगतो. तुमच्या तीन आहेत, आणि तिन्ही एकदम खऱ्या. नरडाण्याच्या बाजारात तुमच्या गावचा माणूस भेटला की मी ऐकतो ना. आधी म्हणणार, तसं काही झालंच नाही. चहा अर्धा झाला की म्हणणार, फार माजले होते तेव्हा. एकाच कपात दोन्ही! झालं नाही, आणि झालं ते बरं झालं. तुमचा कोणाचा घास कसा अडकत नाही, याचंच मला नवल वाटतं.

आता माझं एक ऐक. आमच्या स्टेशनवर पितांबर म्हणून पॉइंट्समन आहे. सासुरवाड तुमच्या गावची, दर यात्रेला येतो. सहज सांगत होता, बारागाड्यांचा रस्ता बदललाय. पूर्वी मरीआईपासून सरळ आमच्या वस्तीवरून नदीपर्यंत जायच्या. आता शाळेला वळसा घालून, मळ्यातून जातात. नांगरटीत चाकं रुततात, दोनदा जू मोडलं, भगत शिव्या घालतो, तरी तिकडूनच. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, "काय माहीत साहेब. त्या बाजूनं गाड्या ओढवत नाहीत म्हणतात. जड होतात."

जड होतात! नुसत्या मोकळ्या जागेवरून? जिथं फक्त स्टोव्ह भडकला होता?

देवाचा रस्ता माणूस उगाच बदलत नाही. तुमच्या पायांना सगळं ठाऊक आहे. फक्त तोंडाला कळवायचं राहिलंय.

आई आता फिरून फिरून विचारत नाही, हे जास्त वाईट. परवा द्रौपदाला म्हणाली, "मन्हं डोकं गयं वाटस माय." माझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे. गेलंय ते तुमच्या अख्ख्या गावाचं, आणि औषध मात्र ती शोधतेय. चीड येते रे. नुसती चीड येते.

अभिमन


पाचोरा,
३१ जानेवारी १९८९

चुडामण,

तू आलास. नरडाण्याहून जळगाव, तिथं गाडी बदलून पाचोरा, भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ घेऊन आलास. तुला दारात बघितलं तेव्हा मला खरंच वाटलं, सुटलो. आईनं तुझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग तू खुर्ची पुढं ओढलीस आणि शांतपणे म्हणालास, "मावशी, तुम्ही त्या दिवशी गावात नव्हत्याच. नरडाण्याला बहिणीकडे गेल्या होत्या. मीच तुम्हाला गाडीत बसवून दिलं होतं."

मानलं तुला. उपकार तेवढाच ठेवलास, जागा फक्त हलवलीस.

मी उठून बोलणार, तर आईनं माझा हात दाबला. तुझ्याकडे बघत राहिली. ऐन थंडीत तुझ्या कपाळावर घाम होता. मग म्हणाली, "हा भाऊ. आसंच व्हई." तू चहा संपवलास आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालास.

तू गेल्यावर मी तिच्यावर ओरडलो. हृदयाच्या दुखणाईत बाईवर ओरडलो, इतका वैतागलो होतो. का हो म्हणालीस? तेव्हा तिनं सांगितलं. आजवर कधीच न सांगितलेलं.

"तो घाबरेल शे रे. त्या दिनले बी त्याले असाच घाम सुटना व्हता. तो दारमा उभा, आनि भाईर त्याना भाऊ इचारी ऱ्हायना व्हता, मझार कोन शे? हाऊ बोलना, कोनी नही."

भाईर त्याना भाऊ. रुपचंदभाऊ.

इतकी वर्षं ती हे गिळून बसली. का, तर भावाभावांत वितुष्ट नको. तिचा नवरा जाळणाऱ्या घरात वितुष्ट नको! काय म्हणावं या बाईला?

आता मला तुझी सगळी पत्रं कळली. वाचवलं म्हणायचं तर कोणापासून वाचवलं हेही सांगावं लागतं, आणि तो माणूस रोज तुझ्या शेजारी पाटावर बसून जेवतो. बाप गेल्यावर त्यानंच तुला शिकवलं. तुझ्या मॅट्रिकच्या फीसाठी त्यानं गोऱ्हा विकला, हे मला माहीत आहे, आपण बरोबरच फी भरायला गेलो होतो. त्या दिवशी त्याला ‘कोनी नही’ म्हणालास, ते खोटं सोन्यासारखं होतं. नंतर तेच खोटं तू थांबवलं नाहीस. आता तूच स्वतःला सांगतोस, आत कोणी नाही. कोणी नव्हतंच.

मला तुझी दया येतेय, आणि दया येतेय म्हणून आणखी संताप येतोय.

कारण पुढं काय झालं ते ऐक. तुझ्यावर उपकार करायला आईनं तुझं नरडाणं मान्य केलं. चार दिवस शेजारणींना सांगत राहिली, मी नव्हतेच गावात, चुडामणनं गाडीत बसवलं. पाचव्या दिवशी जेवता जेवता हात थांबला. म्हणाली, "मी नरडानाले व्हतू, मंग तुन्हा बापले जत्राना दिन एकला सोडीसन कशी गयतू?"

तेव्हापासून जेवत नाही. रात्री नाही, दिवसा नाही, एकच धरून बसलीय: मी त्याला टाकून गेले, मी त्याला टाकून गेले. मी हजारदा सांगितलं, आई, तू गोठ्यात होतीस, तुझा काय दोष? ती म्हणते, तू व्हता का तठे? तुझाच प्रश्न, चुडामण. तुझाच, जसाच्या तसा.

गावानं तिचं घर जाळलं, नवरा मारला. तू तिला वाचवलंस आणि आता नवऱ्याला टाकल्याचा डाग तिच्या पदराला लावलास. तो डाग घेऊन तिला मरू देणार नाही मी. पत्रं पुरे झाली. बसवेल तशी गाडीत बसवून तिला तुझ्या दारात आणतोय, भर दिवसा. भाऊ घरी असले तर उत्तमच.

अभिमन


पाचोरा,
२० फेब्रुवारी १९८९

चुडामण,

काल काय झालं ते तुलाच लिहून कळवणं हा वेडेपणा आहे. तू तिथंच होतास. पण माझा आता भरवसा उरलेला नाही. उद्या म्हणशील, कोणी आलंच नव्हतं, बैल हंबरला असेल. म्हणून आठवण ताजी आहे तोवर कागदावर उतरवून पाठवतोय. जपून ठेव किंवा जाळ, तुझ्या गावाला दुसरंच जास्त जमतं.

आम्ही टांग्यातून उतरलो तेव्हा रुपचंदभाऊ ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. केस पिकलेत, गुडघे धरतात, म्हातारे दिसतात. मला वाटलं होतं बघताच अंगाचा तिळपापड होईल. तसं झालं नाही, याचाही राग आला. आईला त्यांनी ओळखलं नाही. तू आतून आलास, शर्टाची बटणं लावत. आम्हाला बघून हात बटणावरच राहिला.

भाऊंनी विचारलं, "कोन शेतस रे चुडामण?"

तू म्हणालास, "वळखीना शेतस. पानी पेवाले थांबनात."

तुझ्या मंदावहिनींनी पाणी आणलं. आई तांब्या वर करून घटाघटा प्यायली, पदरानं तोंड पुसलं. मी म्हटलं, झालं, ही आता परत ‘हा भाऊ’ म्हणणार आणि आपण आल्या पावली परत जाणार. माझ्या डोक्यात शिव्यांची रांग लागली होती, पहिली तुझ्यासाठी, दुसरी माझ्या स्वतःसाठी.

पण ती काठी टेकत उठली आणि अंगण ओलांडून सरळ गोठ्याकडे निघाली. कोणाला विचारलं नाही. मी धरायला गेलो तर हात झटकला. गोठ्यात आता अर्ध्या जागेत ट्रॅक्टर उभा आहे. त्याला वळसा घालून ती पलीकडे गेली, गव्हाणीमागं, भिंतीच्या कोपऱ्यात. तिथं बसली. गुडघे पोटाशी घेतले आणि पदर पार नाकापर्यंत ओढला. एक बैल वळून तिचं डोकं हुंगायला लागला.

भाऊ ओट्यावरून उठून अंगणात आले होते. "ही बाई काय करी ऱ्हायनी?" त्यांच्या आवाजात बदल झालेला मी ऐकला. आता त्यांना कळलं होतं. तू गोठ्याच्या दारात उभा, बाहेर भाऊ, आत ती. मी मधे पडलो नाही. माझं तिथं कामच नव्हतं.

आतून आईचा आवाज आला. हळू, दबक्या स्वरात, बाहेर शोधणाऱ्या माणसांना ऐकू जाऊ नये असा.

"चुडामण, गयात का रे त्या?"

मंदावहिनींच्या हातातलं फुलपात्र पडलं ते मला आठवतंय. भाऊ तुझ्याकडे बघत होते, तू भाऊंकडे. ‘काही नाही मावशी, बाहेर या’ म्हणायला किती सोपं होतं. मी तर मनात तेच धरून बसलो होतो, खोटं नाही सांगत.

तू भावावरची नजर काढली नाहीस.

"नही मावशी," तू म्हणालास. "अजून अठेच शेतस."

भाऊ तंबाखू तशीच मुठीत धरून घरात गेले आणि दार लोटून घेतलं. तू त्या घरात आज कसा जेवलास, उद्या कसा जेवशील, मला माहीत नाही. विचारणारही नाही. तुझ्यावर माझा राग आहेच, तो इतक्यात जायचा नाही. आणि तुझी ती ढाल बैठकीच्या खोलीत टांगलेली मी पाहिली, तिच्याकडे बघून मला पुन्हा हसू आलं, तेही सांगून ठेवतो.

मग तू गव्हाणीमागं जाऊन खाली बसलास, हात पुढं केलास. आईनं तुझ्या आधारानं उठून अंगावरचा भुसा झटकला, तुझ्या खांद्याला धरून दारापर्यंत आली. उजेडात तिनं माझ्याकडे बघितलं. कित्येक दिवसांनी तिचं तोंड मला तिचं वाटलं.

"आयकं ना अभिमन?" ती म्हणाली. "मी अठेच व्हतू. तुन्हा बापले सोडीसन नही गयतू."

अभिमन